डांबराखालचा गंज

प्रश्न : मागच्या वर्षी गाडीला खालून अंडरकोटिंग करून घेतलं. काळा, जाड थर आहे. आता मागच्या दाराखाली तो एका जागी फुगलाय, अंगठ्याने दाबला की आत पोकळ लागतो. त्यावरच आणखी एक हात मारून घेतला तर चालेल का?

उत्तर : नाही चालणार. आधी तो फुगवटा फोडा, आजच फोडा.

एवढं घाईने सांगतोय, कारण हे मी माझ्याच घरच्या गाडीवर पाहिलं आहे. पत्रेकाम नुकतंच शिकलो होतो आणि वडिलांची गाडी मोठ्या हौसेने कोटिंगला घेतली. पावसाचे दिवस. खालून धुतली, तासाभरात वरवर कोरडी दिसली, मी डांबरी कोट मारून मोकळा झालो. दोन वर्षांनी चाक बदलायला जॅक लावला, तर गाडी उचलायच्या ऐवजी जॅकच करकरत दाराखालच्या पट्टीत घुसला. बाहेरचा कोट शाबूत होता, आत पत्रा उरला नव्हता. कोटाचा पापुद्रा सोलून उलटा केला, तर त्याला तपकिरी खपल्या चिकटलेल्या आणि बोटाला चक्क ओल लागली. दोन वर्षांनीसुद्धा.

लोखंड गंजायला पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात, मिठाची साथ मिळाली की वेग वाढतो, हे बहुतेकांना ठाऊक असतं. सहसा लक्षात येत नाही ते असं की, ओल्या पत्र्यावर जिथे हवा कमी पोहोचते तिथेच तो जास्त खाल्ला जातो. इव्हान्स नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञांनी हे लोखंडावरच्या खाऱ्या पाण्याच्या एका थेंबात दाखवलं होतं. थेंबाच्या कडेला हवा मिळते, मध्यभागी मिळत नाही, आणि झिजतो तो मधला भाग. मडगार्डच्या आत थापून बसलेला चिखल आणि कडेला सुटलेला कोट हे त्या थेंबाचेच भाऊ. त्यात गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा व्यापतो. तुमच्या अंगठ्याखाली जे फुगलंय ते तेच.

आता कामाचं. सुटलेला कोट खरवडून काढा, आणि जिथे तो घट्ट धरून बसलाय तिथपर्यंत मागे जा. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने पत्रा ठोकून बघा. ठणठण वाजला तर पत्रा जिवंत आहे. भद्द वाजला किंवा दबला, तर कोटिंगचा विषयच सोडा, तिथला पत्रा कापून नवा जोडावा लागेल. जॅक लावायची जागा आणि सीटबेल्टचं बूड यांच्या आसपास असं निघालं, तर वेल्डिंग होईपर्यंत गाडी चालवू नका.

पत्रा धड असेल तर वायर ब्रशने सगळ्या सैल खपल्या काढा. खड्ड्यांत रुतलेला गंज उरला तर टॅनिक आम्लाचं रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे गंजालाच टिकाऊ थरात बदलणारं द्रव, लावा. गंज निळसर काळा पडतो. सैल खपल्यांवर मात्र ते लावून उपयोग नाही, खपलीसकट निघून येतं. आणि पत्रा अगदी पांढरा, चकचकीत निघाला तर कन्व्हर्टर नकोच, तिथे जस्ताचा प्रायमर मारा. जस्त लोखंडाच्या आधी स्वतः झिजतं, पण त्यासाठी ते थेट लोखंडाला भिडलेलं लागतं. म्हणून ही दोन्ही एकावर एक मारू नका. काहीही लावण्याआधी, धुतल्यानंतर गाडी किमान एक दिवस मोकळ्या हवेत वाळू द्या. दमट हवा असेल तर दोन दिवस.

प्रश्न : रबरी कोट चांगला की मेणाचा?

उत्तर : चाकाच्या कमानीत रबरी, कारण तिथे खडे आपटतात आणि मऊ थर धुऊन जातो. पण तो शाबूत रंगावरच मारायचा. जुना झाला की तो कडक होतो, तडकतो, आणि त्या तड्यांतून पाणी आत शिरतं.

बाकी खालच्या भागाला माझा कौल मेणाला किंवा लॅनोलिनला. लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतली चरबी. ती मऊच राहते, सांध्यांत झिरपते, ओरखडा पडला तर हळूहळू पुन्हा पसरते. दरवर्षी खाली वाकून बघावं लागतं, कमी पडली तिथे पुन्हा लावावी लागते, एवढाच त्रास. चॅसीच्या पोकळ भागांत तर लांब नळीने आतून मेणच फवारायला हवं, कारण गंज तिथे आतून बाहेर येतो. तेलकट कोटाने काही रबरी बुश, म्हणजे सांध्यांत बसवलेले रबरी तुकडे, फुगतात, ते आधी झाका. ब्रेकच्या डिस्क, कॅलिपर, सायलेन्सर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि सेन्सर यांवर कसलाच कोट उडता कामा नये.

आणि पाणी निथळायची भोकं! दाराच्या खालच्या कडेला, पट्टीच्या पोटाला ती मुद्दाम ठेवलेली असतात. घाईत फवारलं की सगळ्यात आधी तीच बुजतात. काम संपल्यावर प्रत्येक भोकात प्लॅस्टिकचा केबल टाय घालून बघा. मोठ्या पावसानंतर दार हलवलं आणि आत डुचमळल्याचा आवाज आला, तर समजा एखादं बुजलंय.

प्रश्न : बॅटरीला जोडायचं गंजरोधक इलेक्ट्रॉनिक यंत्र घेऊ का? जहाजांना असंच काहीतरी असतं म्हणे.

उत्तर : जहाजांना असतं, हे खरं. हम्फ्री डेव्ही या इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी 1824 मध्ये जहाजांच्या तळाच्या तांब्याच्या पत्र्याला जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडून त्याची झीज रोखून दाखवली होती. पण जहाजाचा तळ अखंड समुद्रात असतो आणि विद्युतप्रवाहाचं वर्तुळ त्या पाण्यातून पुरं होतं. तुमची गाडी हवेत उभी असते. इथे ओला ठिपका, तिथे ओला ठिपका, मधे सगळं कोरडं. प्रवाह जाणार कुठून? ते पैसे गाडी रॅम्पवर चढवून खालून नीट धुऊन घ्यायला वापरा. आणि ओली गाडी लगेच बंद गॅरेजमध्ये लावू नका, आधी बाहेर निथळू द्या.