रीलर उंदीर म्हणजे रील बनवणारा नव्हे

प्रश्न : बाई, नमस्कार. नात बायोटेक करतेय, तिचा सेमिनार आहे "रीलर उंदीर" यावर. मला वाटलं रील काढणारा असेल, आमच्या बिल्डिंगमधे तसले दोघं आहेत, रोज छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत जाऊन पोहे-जलेबीचे व्हिडिओ काढतात. नात हसून हसून लोळली, आणि नीट सांग म्हटलं तर "आजी आत्ता वेळ नाही". आता तुम्हीच सांगा, उंदराच्या एका जीनवरून माणसाच्या डोक्याचं काय कळणार?
– एक आजी, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : आजी, नातीपेक्षा तुमचा प्रश्न बरा आहे, खरंच. हा रील तो नव्हे. इंग्रजीत रील होणं म्हणजे झोकांड्या खाणं, तोल जाऊन लडखडणं. एडिनबराला डग्लस फाल्कनर म्हणून शास्त्रज्ञ होते, त्यांच्या तिथल्या उंदरांत काही पिल्लं अशी निघाली की दोन पावलं टाकली की कलंडायची, थरथरायची, म्हणून नाव पडलं रीलर. १९५१ मधे फाल्कनरनी ते छापलं जर्नल ऑफ जेनेटिक्समधे, आणि गंमत बघा, त्या जर्नलचे संपादक हाल्डेन पुढे भारतात राहायला आले, इथलेच नागरिक झाले, भुवनेश्वरला वारले, आणि ते जर्नल आज बंगळुरूहून निघतं. म्हणजे झोकांड्या खाणारा उंदीर एका अर्थी आपल्या घरचाच!

मग या उंदरांचा मेंदू कापून बघितला तेव्हा खरा घोळ दिसला. तोल सांभाळणारा जो मागचा लहान मेंदू, तो फारच खुरटा होता. आणि मोठ्या मेंदूच्या वरच्या सालीत पेशींचे सहा थर असतात ना, ते जवळजवळ उलटेपालटे.

थर लागतात कसे ते सांगते, इथे जरा थांबा कारण सगळी मजा इथेच आहे. मेंदूच्या पेशी जन्मतात आत, खोल, आणि मग धाग्यासारख्या लांब पेशींना धरून धरून बाहेर सरकतात. राजवाड्यावरून गच्च भरलेली सिटी बस डोळ्यासमोर आणा. आधी चढलेले दाराशीच खिळून उभे, आणि मागून चढलेला "भिया जरा सरको" करत त्यांच्यामधून घुसून पार पुढे जातो. मेंदूत अगदी हेच व्हायला पाहिजे, आधी जन्मलेली पेशी खालच्या थरात, नंतरची तिला ओलांडून वर, आणि अगदी शेवटची जवळजवळ पृष्ठभागाशी. रीलर उंदरात नंतरच्यांना पुढच्यांना ओलांडताच येत नाही, ते मागेच साठत जातात आणि आधीचे ढकलले जाऊन वर. उंदराचं पिल्लू जेमतेम २० दिवस आईच्या पोटात असतं, त्यातल्या साधारण एका आठवड्यात यातलं बहुतेक काम उरकायचं असतं, एकदा चुकलं की नंतर दुरुस्ती नाही.

हे ज्या जीनमुळे होतं तो सापडला १९९५ मधे, आणि तोही थोडा नशिबानं. टॉम करन यांच्या लॅबमधे, तिथे डार्कांजेलो याही काम करत होत्या, दुसऱ्याच कामासाठी उंदरात बाहेरचा डीएनए घातला होता, तो नेमका या जीनमधे जाऊन बसला आणि पिल्लं झोकांड्या खायला लागली. तो धागा पकडून जीन हाती आला, त्यापासून बनणाऱ्या प्रोटीनचं नाव ठेवलं रीलिन. वाढत्या मेंदूच्या अगदी बाहेरच्या कडेला काही पेशी असतात, त्या हे रीलिन सोडतात आणि सरकत येणाऱ्या पेशींना त्यावरून कळतं कुठे जायचं न् कुठे बसायचं. म्हणजे बसच्या पुढच्या टोकाला कंडक्टर उभा आहे असं समजा. आता तो "पुढे या" म्हणतो की "बस्स, इथेच थांब" म्हणतो, यावर शास्त्रज्ञांचं अजून भांडण चालू आहे. हा निरोप ऐकायला सरकणाऱ्या पेशींवर दोन रिसेप्टर असतात आणि आत डॅब-वन नावाचं प्रोटीन असतं, ते बिघडलं तर रीलिन ठणठणीत असूनही उंदीर तसाच लडखडतो. ऐकणाराच बहिरा, कंडक्टर काय करणार!

आता माणूस. आपल्यात हाच जीन सातव्या क्रोमोसोमवर आहे. २००० मधे कळलं की काही मुलांचा मेंदू घड्या न पडता गुळगुळीत राहतो आणि मागचा मेंदू खुरटतो, त्यांच्यात हाच जीन बिघडलेला. त्या बाळांना फिट्स येतात, अंग ढिलं असतं, आधाराशिवाय बसणंही जमत नाही. त्याच्या पन्नास वर्षं आधीचा लडखडता उंदीर नसता तर डॉक्टरांनी हा जीन तपासलाच नसता कदाचित. पण एक आहे, उंदीर म्हणजे छोटा माणूस नव्हे. उंदराचा मेंदू मुळातच गुळगुळीत, त्याला घड्याच नाहीत, त्यामुळे घड्या का पडल्या नाहीत हे तो दाखवूच शकत नाही. नातीला सेमिनारमधे हे सांगायला सांगा, मार्क मिळतील.

प्रश्न : बाई, घरात मामाच्या मुलीशी माझं जमवतायत. आमच्यात चालतं. पण असल्या जीनच्या गोष्टी वाचून धास्ती वाटते.
– एक वाचक, सुदामा नगर

उत्तर : रीलिनचा आजार व्हायला त्या जीनची बिघडलेली कॉपी आईकडून एक आणि बापाकडून एक, अशा दोन लागतात. एकच असेल तर ती गुळगुळीत मेंदूची अवस्था सहसा होत नाही. तुम्हा दोघांचे एक आजी-आजोबा सामाईक, म्हणून तीच खराब कॉपी दोघांत असण्याची शक्यता बाहेरच्यांपेक्षा जास्त, आणि दोघांत असली तर प्रत्येक बाळंतपणात चारातून एक धोका. हा आजार फारच दुर्मिळ आहे, यासाठी लग्न मोडू नका, पण असे इतर शेकडो आजार आहेत म्हणून आधी जेनेटिक काउन्सेलरला भेटा, घरात कुणाचं बाळ लहानपणी गेलं असेल तर तेही लपवू नका. आणि मुलीला विचारलंय का कुणी?

प्रश्न : मेंदू तयार झाल्यावर मग हे रीलिन जातं कुठे?
– बी.एस्सी.चा विद्यार्थी, इंदूर

उत्तर : जात नाही. मोठेपणी मेंदूत ते पेशींमधले जोड घट्ट करायला, म्हणजे शिकणं-लक्षात ठेवणं यात मदत करतं. २०२३ मधे कोलंबियातल्या एका माणसाची केस छापून आली, त्याच्या घराण्यात असा जीन आहे की साधारण ४४ व्या वर्षीच विसराळूपणाचं निदान होतं, हा मात्र ६७ पर्यंत शाबूत होता, आणि त्याच्या रीलिनमधे एक वेगळा बदल सापडला, बिघडवणारा नाही, उलट त्याचं काम वाढवणारा. यावरून कुणी रीलिनच्या गोळ्या विकायला आला तर हाकलून द्या, तशी गोळी निघालेली नाही.