दाराला टांगलेली पिशवी

प्रश्न : अमेरिकेतील मेन राज्यात सत्तावीस वर्षे जंगलात एकट्याने राहिलेल्या ख्रिस्तोफर नाइटविषयी नुकतेच वाचले. आसपासच्या घरांतून अन्न चोरून तो जगला. माझ्या मुलाला त्याची दया येते, मला मात्र राग येतो. कोणाचे चुकते?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्या मुलाला दया येते, याचा मला आनंद वाटतो, पण ती दया, ज्यांच्या घरांत या चोऱ्या झाल्या त्या तळ्याकाठच्या माणसांपर्यंत पोहोचत नसेल, तर ती अपुरी आहे. नाइट १९८६ मध्ये, जेमतेम विशीत, कोणालाही न सांगता नॉर्थ पाँड नावाच्या तळ्याच्या परिसरातील जंगलात शिरला आणि ४ एप्रिल २०१३ रोजी पकडला जाईपर्यंत तेथेच तंबूत राहिला. धूर दिसेल म्हणून त्याने शेकोटीसुद्धा पेटवली नाही. कडाक्याच्या थंडीत झोपेतच गोठून जाऊ नये म्हणून तो मध्यरात्रीनंतर उठून येरझारा घाली. हे वाचून पोटात कालवते. मात्र हे हिवाळे त्याने सुमारे एक हजार चोऱ्यांच्या आधारावर काढले.

तो शक्यतो मोडतोड करीत नसे, जाताना दार पूर्ववत लावी, वापरलेली होडी जागेवर ठेवून तिच्यावर पाइनची वाळलेली पाने पसरी. पुष्कळांना यात सभ्यपणा दिसतो. मला त्या घरांतील माणसे दिसतात : गॅसची टाकी, बॅटऱ्या, खाण्याचे डबे नाहीसे झालेले, कुलूप मात्र शाबूत, आणि आपलीच आठवण दगा देते आहे की रात्री कोणी घरात वावरून गेले, हे कळण्यास मार्ग नाही. गेलेल्या डब्यांची किंमत काढता येते. गेलेल्या झोपेची कशी काढणार?

काही घरमालकांनी तर काय हवे ते लिहून ठेवावे म्हणून कागद आणि पेन ठेवले, कोणी पुस्तकांची पिशवी दाराला टांगली. त्याने ते स्वीकारले नाही. मला हे सर्वांत अधिक सलते. आपल्याकडे माधुकरी मागणारा दारात उभा राहतो, आपली गरज उघड करतो आणि घरच्या माणसाला नाही म्हणण्याची मुभाही देतो. नाइटने शेजाऱ्यांचे अन्न घेतले, पण ही मुभा त्यांना दिली नाही.

अखेर तो सापडला अपंगांसाठीच्या शिबिराच्या स्वयंपाकघरातून चोरी करून बाहेर पडताना. न्यायालयाने त्याला सात महिन्यांची कैद दिली, भरपाई भरायला लावली आणि देखरेखीखालील उपचारांचा कार्यक्रम पूर्ण करायला सांगितला. माणसाची अवस्था ओळखून गुन्ह्यालाही गुन्हा म्हणणारी ही शिक्षा मला योग्य वाटते. आपण चुकीचे वागत आहोत, हे ठाऊक होते, असे त्याने स्वतःच कबूल केले आहे. तेव्हा त्याला निर्दोष ठरवण्याची घाई आपल्या मुलाने करू नये. क्षमा करायची की नाही, हे तळ्याकाठच्यांनी ठरवायचे. काहींनी केली, काहींना जमली नाही. आपला राग मुलावर काढू नका. त्याच्याशी बोलताना त्या टांगलेल्या पिशवीविषयी बोला, आणि सकाळी ती जशीच्या तशी पाहून घरमालकाला काय वाटले असेल, हे त्याला विचारा.