लिलावातला लॉट घ्यावा की दुकानातल्या पॉलिशवाल्या खुर्च्या?

तुम्ही लिहिलंय की डायनिंगसाठी चार खुर्च्या आणि गॅलरीत एक आरामखुर्ची हवी आहे. नागपुरातल्या एका सरकारी कार्यालयाच्या लिलावात बारा सागवानी खुर्च्यांचा लॉट निघालाय, आणि दुकानात पॉलिश केलेल्या वेताच्या खुर्च्या तयार मिळताहेत. "थप्पीतल्या वरच्या पाहून घ्या, खालच्या तशाच आहेत," असं भंडारपालाने सांगितलं, हे वाचलं आणि राहवलं नाही. नागपुरातल्याच एका कार्यालयाने (नाव घेत नाही, तिथे अजून कामं पडतात) मलाही हेच ऐकवलं होतं. खालच्या तशा नव्हत्या.

सागवान कसं ओळखायचं वगैरे तुम्हाला माहीत असेल, ते सोडतो.

लिलाव वाईट नाही. 1956 पर्यंत नागपूर जुन्या मध्य प्रदेशची राजधानी होतं, त्यामुळे इथल्या जुन्या कार्यालयांच्या गोदामांत खरोखर चांगल्या लाकडाच्या खुर्च्या पडून असतात. भानगड कागदाची आहे. निर्लेखनाच्या (म्हणजे नोंदीतून काढून टाकलेल्या सामानाच्या) यादीत फक्त "खुर्च्या लाकडी, 12 नग" असं येतं. त्यात हातवाल्या किती, बिनहाताच्या किती, तीन पायांच्या किती, काही नाही. विक्री "जसे आहे जेथे आहे", म्हणजे नंतर तोंड उघडायची सोय नाही. वर जीएसटी, हमाली आणि टेम्पो. पैसे भरल्यावर गेटपासवर सही करणारे साहेब दौऱ्यावर असतात, आणि उचलीची मुदत टळली की भाडं मात्र आपल्या नावावर चढतं! अनामत रक्कम परत मिळवणं हा वेगळा उद्योग. म्हणून बोली लावण्याआधी अर्ज देऊन पाहणी मागा, अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का घ्या आणि थप्पी खाली उतरवायला लावा. दोन हमालांचे पैसे स्वतः द्या, ते स्वस्त पडतं. तळातल्या खुर्च्या वर्षानुवर्षं ओलसर फरशीवर असतात, उधई तिथूनच चढते. तरीही बोलीचा हिशेब करताना दर तीन खुर्च्यांतली एक सुट्या भागांसाठी गेली असं धरा. हे माझं मत. कुणाला सरसकट चांगला लॉट लागला असेलही.

आता खुर्ची पाहायची कशी. आधी उलटी करा. पॉलिश वरून असतं, खरं ते खाली दिसतं. सगळ्यात जास्त जीव जातो तो मागचा पाय बैठकीच्या बाजूच्या पट्टीला मिळतो तिथे. पाठीला रेलून माणूस खुर्ची मागच्या दोन पायांवर झुलवतो, तो सगळा ताण या एका सांध्यावर येतो. एका हाताने पाठीची वरची पट्टी आणि दुसऱ्या हाताने बैठकीची पुढची पट्टी धरून तिरकं पिरगाळा. करकर आवाज आला तर फक्त सरस सुटलाय, ते दुरुस्त होतं. सांध्याजवळ केसासारखी उभी चीर दिसली तर खुर्ची सोडा. मग बैठकीचे दोन्ही कर्ण मापा. सेंटीमीटरहून जास्त फरक म्हणजे सांगाडा तिरका झालाय. (बैठक पुढे रुंद, मागे अरुंद असली तरी कर्ण सारखेच यायला हवेत.)

ही परीक्षा ऑगस्टमध्ये करू नका. पावसाळ्यात कुसू (खाचेत बसणारं लाकडाचं टोक) फुगतं, खाचेत घट्ट बसतं आणि खिळखिळी खुर्चीही ठणठणीत वाटते. नवतप्यात (मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत) तेच लाकूड आकसतं, जुना सरस तडकतो आणि खुर्ची खरं बोलते. जोडकामही पावसाळ्यात करवू नका, पुढच्या मे महिन्यात पुन्हा हलेल.

सुतारावर लक्ष ठेवा. सांधा हलतो म्हटलं की त्याचा हात खिळ्याकडे जातो. खिळा ठोकला की कुसू आतून फाटतं, आणि बाहेरून वर्षभर काही कळत नाही. लोखंडी एल-पट्टीही नको. जुना सरस कोमट पाण्याने सुटतो. सांधा पूर्ण उघडायचा, सरस खरवडून काढायचा, कारण त्याच्यावर फेव्हिकॉल धरतच नाही. लाकूड दोन दिवस सावलीत वाळवायचं. कुसू ढिलं असेल तर भुसा-फेव्हिकॉल भरण्यापेक्षा सागवानाची पातळ पट्टी चिकटवून जाड करायचं. मग जोडून चारही पायांभोवती दोरी गुंडाळायची, काठी घालून पीळ द्यायचा आणि चोवीस तास हात लावायचा नाही. अरल्डाइट वापरू देऊ नका, पुढे सांधा उघडता येत नाही.

पोखरकिड्यासाठी: छिद्रं बहुधा कडेच्या पांढरट लाकडात असतात, सागाच्या गाभ्यात क्वचित. जुनी छिद्रं असली तर बिघडत नाही. खुर्चीखाली काळा कागद पंधरा दिवस ठेवा. ताजा, फिकट, पिठासारखा भुसा पडला तर किडा जिवंत आहे, ती खुर्ची बाकीच्यांत मिसळू नका.

दुकानातल्या तयार खुर्च्यांबद्दल माझं मत कडक आहे. गडद, चकचकीत पॉलिशखाली भेगांत लांबी (पुट्टी) भरलेली असू शकते, आणि ती दिसू नये म्हणूनच रंग गडद देतात. मळकी खुर्ची घ्या. "इंग्रजांच्या काळातली" म्हणून दाखवतील तिच्यात फुलीच्या खाचेचा स्क्रू असेल तर निदान दुरुस्ती तरी नंतरची आहे. आतल्या बाजूला स्पिरिटचा बोळा फिरवा. चिकट झालं तर लाखेचं पॉलिश आहे, त्याच्यावर थेट पीयू (पॉलियुरेथेनचं पॉलिश) मारू देऊ नका.

डायनिंगसाठी बैठक 17 ते 18 इंच उंच हवी, टेबल 30 इंचांचं धरून. कार्यालयातल्या खुर्च्यांचे खालून कुजलेले पाय बऱ्याचदा कापलेले असतात, तेव्हा चारही पाय मापा. आरामखुर्ची घेण्याआधी लिफ्टचं दार मापा. हात पुढे उघडणारी खुर्ची पाच फुटांच्या पुढे जाते.

वेत सैल पडला असेल पण तुटलेला नसेल, तर बदलायची घाई नको. बैठकीच्या खालच्या बाजूने, जिथे वेताला चमक नसते, ओलं फडकं अर्धा तास ठेवा आणि रात्रभर वाळू द्या. ताणला जातो. प्लॅस्टिकचा वेत ताणला जात नाही, त्याच्यात गाठीच्या खुणाही नसतात. कुलरचा झोत मात्र खुर्चीवर थेट सोडू नका. एक बाजू ओली, दुसरी कोरडी, आणि वेत काठाच्या छिद्रांपाशी तुटायला लागतो.

लॉटच्या यादीचा फोटो आणि एका खुर्चीचा खालून काढलेला फोटो टाका, बोली किती लावावी ते त्यावरून सांगता येईल.