समुद्रापासून दूर राहणाऱ्यांनी हरिकेनची काळजी करावी का?

प्रश्न : माझा मुलगा व सून नोकरीनिमित्त अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगराळ भागात ॲशव्हिलजवळ राहायला गेले आहेत. समुद्र दूर आहे आणि आपले घर कोणत्याही स्थलांतर क्षेत्रात (वादळाआधी रिकामा करायला सांगतात त्या भागात) येत नाही, त्यामुळे हरिकेनची, म्हणजे तिकडच्या चक्रीवादळाची, चिंता नको, असे मुलगा म्हणतो. हे बरोबर आहे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तुमचे चिरंजीव सांगतात ती माहिती खरी आहे; त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. तेथील हरिकेनची स्थलांतर क्षेत्रे मुख्यतः वादळामुळे किनाऱ्यावर चढणाऱ्या समुद्राच्या पाण्याचा विचार करून आखलेली असतात, आणि हरिकेनची श्रेणीही केवळ वाऱ्याच्या वेगावरून ठरते. पाऊस किती पडेल, हे ती सांगत नाही. २६ सप्टेंबर २०२४ च्या रात्री ‘हेलेन’ हे हरिकेन फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर धडकले, तेथून ॲशव्हिल सुमारे ६०० किलोमीटर दूर आहे. परंतु वादळ येण्याआधीच्या मुसळधार पावसाने जमीन पाणी पिऊन तुडुंब झाली होती, त्यामुळे नंतरचा पाऊस डोंगरउतारांवरून थेट अरुंद खोऱ्यांत उतरला. ॲशव्हिलमधून वाहणाऱ्या फ्रेंच ब्रॉड नदीने १९१६ च्या महापुराची पातळी ओलांडली, ठिकठिकाणी दरडी कोसळल्या, टेनेसीकडे जाणारा ४० क्रमांकाचा महामार्ग खचला आणि एकट्या नॉर्थ कॅरोलायनात शंभराहून अधिक माणसे दगावली.

आयर्विन पुलाजवळ कृष्णा किती फुटांवर आहे, याकडे सांगलीकरांचे पावसाळ्यात जसे लक्ष असते, तसेच मुलाने आपल्या जवळच्या नदीच्या पातळीकडे ठेवावे. नदी लांब असली, तरी घरामागे तीव्र उतार किंवा ओढा असल्यास धोका तितकाच. अशा घरातून पाऊस वाढण्याआधी, दिवसाउजेडी निघावे. दरीतला एकुलता रस्ता तुटल्यावर गाडीचा उपयोग नाही, आणि पाण्याखाली गेलेल्या रस्त्यावर ती घालणे तर जिवावर बेतते. फार दूर जाण्याचीही गरज नसते. उंचावरच्या, पण दरडीपासून सुरक्षित ठिकाणी राहणाऱ्या परिचिताचे घर आधीच बोलून ठेवलेले बरे.

मोबाइल बंद पडतात, म्हणून बॅटरीवर चालणारा रेडिओ हवा. पिण्याच्या पाण्याचा साठाही हवा; ‘हेलेन’नंतर ॲशव्हिलच्या नळांना पिण्यायोग्य पाणी यायला ५३ दिवस लागले. शेवटची बाब विम्याची : घराच्या नेहमीच्या विम्यात पुराचे नुकसान सहसा धरलेले नसते आणि सरकारी योजनेतील पूरविमा साधारणपणे ३० दिवसांनंतर लागू होतो, त्यामुळे वादळाची बातमी आल्यावर तो काढून उपयोग होत नाही.