वाचकांचे प्रश्न : ग्रेहाउंडच्या रेसचे दिवस

मागच्या महिन्यात कुत्र्यांवर दोन ओळी काय लिहिल्या, ग्रेहाउंडच्या रेसबद्दल इतकी पत्रं आली की यावेळचं सगळं पान त्यांनाच दिलंय.

प्रश्न : मुलगा मँचेस्टरला नोकरीला आहे. त्याच्याकडे गेलो होतो तेव्हा शेजारचे आजोबा तिथल्या बेल व्ह्यू ट्रॅकवरच्या कुत्र्यांच्या रेसबद्दल तासभर बोलत होते. घोड्यांच्या रेस मी महालक्ष्मीला पाहिल्यायत, पण हे प्रकरण कधी सुरू झालं? — एक वाचक, सांगली

उत्तर : आजोबांनी तुम्हाला अगदी मुळाशीच नेलं की हो. ब्रिटनमधली गोल ट्रॅकवरची पहिली नियमित रेस बेल व्ह्यूलाच झाली, २४ जुलै १९२६ ला. त्या दिवशी फक्त १७०० च्या आसपास माणसं आली होती, पहिली रेस मिस्टली नावाच्या कुत्र्याने जिंकली, ४४० यार्ड २५ सेकंदांत. आणि मग काही आठवड्यांतच गर्दी अशी वाढली की पुढच्याच वर्षी लंडनमधलं व्हाइट सिटी, म्हणजे १९०८ च्या ऑलिंपिकसाठी बांधलेलं स्टेडियम, कुत्र्यांच्या रेससाठी सुरू झालं आणि तिथे पहिली डर्बी, म्हणजे सगळ्यात मानाची रेस झाली, ती एंट्री बॅज नावाच्या कुत्र्याने जिंकली.

एवढं वेड लागायचं कारण मला फार साधं वाटतं. घोड्यांच्या रेस दुपारी आणि गावाबाहेर, म्हणजे गिरणीतल्या नाहीतर गोदीतल्या माणसाला खाडा करून जावं लागणार. कुत्र्यांच्या रेस संध्याकाळी, दिव्यांच्या उजेडात, ट्रॅमने जाता येईल अशा ठिकाणी. आणि रेसकोर्सच्या बाहेर रोख पैसे लावणं तेव्हा ब्रिटनमध्ये बेकायदेशीर होतं, त्यामुळे कामगाराला रीतसर पैज लावायची तर ट्रॅक हीच त्याची जवळची जागा. हे लक्षात ठेवा, खालच्या एका उत्तरात परत लागणार आहे.

प्रश्न : ससा खोटा असतो हे खरं का? कुत्र्याला कळत नाही? — इयत्ता नववी, बारामती

उत्तर : खोटाच असतो. आधी खरे ससे असायचे, मोकळ्या रानात दोन कुत्रे सशामागे सोडायचे आणि पंच गुण द्यायचे. लिव्हरपूलजवळचा वॉटर्लू कप हा त्यातला सगळ्यात मोठा मान, १८३६ पासूनचा, आणि मास्टर मॅक्ग्रा नावाच्या आयरिश कुत्र्याने तो तीनदा मारला, इतका गाजला की राणी व्हिक्टोरियाने त्याला भेटीला बोलावलं. पण त्यात ससे मरायचे. १८७६ ला लंडनजवळ हेंडनला चाकाला दोरी गुंडाळून खोटा ससा ओढायचा प्रयोग झाला, पण ट्रॅक सरळ होता, त्यामुळे जो जास्त वेगवान तोच दरवेळी जिंकणार, त्यात मजा काय? ते तिथेच विरलं. वळण आणलं ते अमेरिकेतल्या ओवेन पॅट्रिक स्मिथ यांनी. ससे मारणं त्यांना बघवत नव्हतं, बरीच वर्षं खटपट करून त्यांनी रुळावरून पळणारा विजेचा ससा बनवला आणि १९१९ ला कॅलिफोर्नियात एमरीव्हिलला गोल ट्रॅक सुरू केला. वळण आलं की आतली बाजू कुणाची, धक्का कुणाला बसला, कोण मागून आला, असं सगळं नाटक आलं, आणि लोकांना तेच तर हवं होतं.

कुत्र्याला कळतं का म्हणशील तर ग्रेहाउंड वासावर नाही, नजरेवर शिकार करणारा कुत्रा. समोर काहीतरी पळतंय एवढं दिसलं की बास, पाय आपोआप सुटतात. ताशी ६५ किलोमीटरच्या आसपास पळतो आणि पळताना एका ढेंगेत दोनदा चारही पाय हवेत असतात. स्लो मोशनमध्ये बघ एकदा.

प्रश्न : सगळ्यात मोठा कुत्रा कोण? माझा नवरा म्हणतो बॅलीरेगन बॉब. — एक वाचक, पुणे

उत्तर : साहेबांचं चूक नाही. बॅलीरेगन बॉबने ९ डिसेंबर १९८६ ला ब्रायटनजवळच्या होव्हला लागोपाठ ३२ वी रेस जिंकली आणि अमेरिकेतल्या जो डंप या कुत्र्याचा ३१ चा विक्रम मोडला. पण मला विचाराल तर मिक द मिलरच, आणि याबाबतीत मी कुणाचं ऐकणार नाही.

मिक जन्मला २९ जून १९२६ ला, म्हणजे बेल व्ह्यूच्या त्या पहिल्या रेसच्या महिनाभरसुद्धा आधी नाही, हा योगायोग मला फार आवडतो. आयर्लंडमधलं किली नावाचं खेडं, तिथल्या चर्चच्या फादर ब्रॉफींच्या घरी, आणि वेतातलं सगळ्यात बारकं पिल्लू. पुढे त्याला डिस्टेंपर हा कुत्र्यांचा जीवघेणा आजार झाला, आपल्याकडे ज्यांनी कुत्रं पाळलंय त्यांना माहितीय त्यातून कुत्रं उठणं म्हणजे काय असतं, पण डब्लिनच्या ट्रॅकवरच्या डॉक्टर कॅलनन यांनी त्याला जगवलं. १९२९ ला फादर त्याला डर्बीसाठी लंडनला घेऊन आले. प्राथमिक फेरीत त्याने ५२५ यार्ड २९.८२ सेकंदांत कापले, ३० सेकंदांच्या आत हे अंतर याआधी कुणीच कापलं नव्हतं, आणि लगेच ८०० गिनींना (गिनी म्हणजे पाउंडाहून थोडी जास्त) विकला गेला.

आता फायनल. पहिल्याच वळणावर कुत्रे एकमेकांवर आदळून पडले, पॅलाटिनस पुढे निघून गेला आणि पहिला आला, पण पंचांनी रेस रद्द केली. थोड्या वेळाने तीच रेस परत. ज्याने एकदा जीव तोडून सगळं अंतर कापलं होतं तो पॅलाटिनस दमलेला, आणि मिक जिंकला. मग १९३० ची डर्बीपण त्याचीच, दोनदा डर्बी जिंकणारा पहिला कुत्रा, शिवाय लागोपाठ १९ रेस जिंकल्या. आणि १९३१ ला काय व्हावं? मिक फायनलमध्ये पहिला आला, लोक ओरडतायत, आणि दुसऱ्याच एका कुत्र्याने भांडण केलं म्हणून रेस रद्द! परत पळवली तेव्हा मिक चौथा. दोन वर्षांपूर्वी ज्या नियमाने दिलं त्याच नियमाने घेतलं. मी हे वाचलं तेव्हा खरंच वाईट वाटलं, कारण पाच वर्षांच्या कुत्र्याला एका संध्याकाळी दोनदा एवढं पळायला लावणं हा काय न्याय झाला. पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लंडनच्या वेम्बली स्टेडियमला सेंट लेजर ही लांब पल्ल्याची मोठी रेस, ७०० यार्ड, एवढं लांब पळायचं त्याचं वय उरलेलं नाही असं सगळे धरून चाललेले, आणि पठ्ठ्याने ती एका डोक्याच्या फरकाने मारली. ती त्याची शेवटची रेस.

प्रश्न : कुत्र्यांच्या रेससाठी वर्ल्ड कपची मॅच हलवली होती म्हणे. अफवा ना? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : खरं आहे. १५ जुलै १९६६, उरुग्वे विरुद्ध फ्रान्स. त्या शुक्रवारी वेम्बलीला कुत्र्यांची ठरलेली रेस होती, मालक ती रद्द करायला तयार झाले नाहीत, म्हणून मॅच व्हाइट सिटीला खेळवली. उरुग्वेने २-१ ने जिंकली.

प्रश्न : एवढं सगळं होतं तर आता ट्रॅक बंद का पडतायत? — एक वाचक, ठाणे

उत्तर : वर म्हटलं ना लक्षात ठेवा. १९६१ ला ब्रिटनमध्ये गल्लोगल्ली पैजेची दुकानं कायदेशीर झाली, मग ट्रॅकवर जायची गरजच काय? गर्दी आटली, आणि शहराच्या मध्यातल्या त्या जागांना सोन्याचा भाव. व्हाइट सिटी १९८४ ला गेलं, वॉल्थमस्टो २००८, विम्बल्डन (टेनिसचं नाही, कुत्र्यांचं) २०१७, आणि सांगलीकरांच्या त्या आजोबांचं बेल व्ह्यू २०२० ला.

दुसरं कारण कुत्रे, आणि माझ्या मते हेच मोठं. ज्या वळणाने खेळाला रंगत आणली त्याच वळणावर कुत्रे आपटतात, पाय मोडतात. ऑस्ट्रेलियात २०१५ ला काही ट्रेनर सरावासाठी जिवंत प्राणी वापरतात हे टीव्हीवर उघड झालं, म्हणजे स्मिथ यांनी जे थांबवायला खटपट केली तेच मागच्या दाराने परत. फ्लोरिडात २०१८ ला लोकांनी ६९ टक्के मतांनी रेस बंद करायचं ठरवलं, न्यूझीलंड आणि वेल्सनेही बंदीची घोषणा केलीय. मला मिकच्या गोष्टी कितीही आवडत असल्या तरी हे निर्णय बरोबरच वाटतात. निवृत्त ग्रेहाउंड लोक घरी दत्तक नेतात आणि हा एवढा वेगवान कुत्रा दिवसभर सोफ्यावर झोपून असतो.

प्रश्न : आमच्याकडचं कारवानी कुत्रं म्हणजे ग्रेहाउंडच का? — एक वाचक, जत

उत्तर : नाही, जात वेगळी. पण तेही नजरेवर शिकार करणारं, लांब पायांचं, खोल छातीचं, म्हणून सारखं दिसतं. कर्नाटकातल्या मुधोळच्या घोरपडे राजघराण्याने ते जोपासलं, आणि २००५ ला मुधोळ हाउंड या नावाने त्याचं पोस्टाचं तिकीटही निघालं.

प्रश्न : दिवाळीत मुलीकडे लंडनला जातोय. यातलं काही बघायला मिळेल? — एक वाचक, नागपूर

उत्तर : मिळेल ना! लंडनच्या युस्टन स्टेशनवरून ट्रिंगला ट्रेन जाते. तिथे नॅचरल हिस्ट्री म्युझियमची शाखा आहे. मिक १९३९ ला गेला, तेव्हा त्याच्या कातडीत पेंढा भरून त्याला जपून ठेवलं, आता तो ट्रिंगच्या या शाखेत आहे, आणि पुढे बॅलीरेगन बॉबही तिथेच आला. स्टेशनपासून म्युझियम थोडं लांब आहे, टॅक्सी करा, आणि जायच्या आधी उघडं आहे ना ते विचारून घ्या.