प्रोपगंडा, अपप्रचार आणि जागल्या

भाषांतराचं काम करणाऱ्या एका वाचक मैत्रिणीचा प्रश्न आहे. व्हिएतनाम युद्धावरच्या एका इंग्रजी लेखात अमेरिकी सरकारच्या 'प्रोपगंडा'चा उल्लेख होता. तिने 'अपप्रचार' लिहिलं, संपादकांनी ते खोडून 'प्रचार' केलं. बरोबर कोण? शिवाय या युद्धाबद्दलचा गुप्त सरकारी अहवाल फोडणारे डॅनियल एल्सबर्ग त्याच लेखात आहेत, त्यांच्यासाठी तिने 'बंडखोर' वापरलं आहे, ते चालेल का?

'अपप्रचार' इथे बसत नाही असं माझं मत. अपप्रचार नेहमी समोरचा करतो, आपण करतो ती जनजागृती! आणि अपप्रचार कुणाच्या तरी विरुद्ध असावा लागतो. 'आमच्या योजनेबद्दल अपप्रचार चालू आहे' हे रोज ऐकतो आपण. त्यात खोटेपणा गृहीतच धरलेला असतो. प्रोपगंडा मात्र अक्षरशः खरी माहिती देऊनही करता येतो. कुठली सांगायची आणि कुठली दाबायची एवढं ठरवलं की झालं.

संपादकांचा 'प्रचार' अर्थाने जवळचा, पण फारच सोवळा. निवडणुकीच्या प्रचाराच्या तोफा थंडावतात, कुटुंबनियोजनाचा प्रचार होतो, धर्मप्रचार होतो, हिंदीच्या प्रचारासाठी सभा निघतात. कुठेही डाग नाही. गंमत म्हणजे मूळ शब्दही असाच सोवळा होता. कॅथलिक धर्मप्रसारासाठी पोपने १६२२ मध्ये रोममध्ये जी संस्था काढली, तिच्या लॅटिन नावातला हा शब्द. मागचं क्रियापद बागेतलं, फांदी मातीत दाबून रोप वाढवण्याचं, आपल्याकडच्या दाबकलमासारखं. आपल्या किनाऱ्याला तर तो फार आधीपासून ओळखीचा. गोव्याच्या दिवाडी बेटावरच्या मातेउस द कास्त्रो यांना १६३७ मध्ये बिशप केलं ते याच 'प्रोपागांडा'ने, पोर्तुगीज सत्तेच्या नाकावर टिच्चून. मुंबईतली चर्चंही अठराव्या शतकाच्या अखेरीपासून १९२८ पर्यंत पोर्तुगालच्या 'पाद्रोआदो'कडे (पोपने पोर्तुगीज सत्तेला दिलेला चर्चवरचा अधिकार) किंवा रोमच्या 'प्रोपागांडा'कडे अशी वाटलेली होती. तिथे तो शब्द शिवी नव्हता, अधिकारक्षेत्राचं नाव होतं. त्याला वास लागला तो मुख्यतः पहिल्या महायुद्धात. १९१७ मध्ये अमेरिकेने युद्धाच्या बाजूने लोकमत तयार करायला समिती नेमली, पण तिच्या नावात ठेवली 'सार्वजनिक माहिती'. सरकारं तेव्हापासून माहिती, प्रसिद्धी, जनसंपर्क असलेच शब्द स्वतःसाठी राखून ठेवतात.

आता लेखातल्याच काळाकडे येऊ. २ ऑगस्ट १९६४ रोजी टोंकिनच्या आखातात उत्तर व्हिएतनामच्या बोटींनी 'मॅडॉक्स' या अमेरिकी युद्धनौकेवर हल्ला केला, तो खरा. ४ ऑगस्टला दुसरा हल्ला झाल्याचं सांगण्यात आलं. तो झालाच नव्हता. जागेवरच्या कॅप्टन हेरिक यांनी त्याच दिवशी तार केली होती की खराब हवामानाचा रडारवर परिणाम आणि पाण्याखालचे आवाज टिपणाऱ्या 'सोनार' यंत्रावरच्या लोकांचा अतिउत्साह यामुळे बऱ्याच नोंदी संशयास्पद वाटतात. तरी त्या रात्री राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी टीव्हीवरून बॉम्बहल्ल्याची घोषणा केली, आणि तीही प्रत्युत्तर म्हणून. तीन दिवसांनी काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, राष्ट्राध्यक्षांना लष्करी कारवाईची मोकळीक देणारा ठराव केला: प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध ०, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २.

या न झालेल्या हल्ल्याच्या गोष्टीला एकवेळ अपप्रचार म्हणता येईल. ती उत्तर व्हिएतनामच्या विरुद्ध होती. पण एल्सबर्ग यांनी पुढे सांगितलेला १९६६ चा प्रसंग घ्या. सायगॉनहून परतताना विमानात संरक्षणमंत्री मॅकनमारा म्हणाले की वर्षभरात परिस्थिती सुधारली नाही, उलट बिघडली. विमान उतरलं आणि तेच गृहस्थ पत्रकारांना प्रगतीबद्दल समाधान सांगू लागले. यात कुणाची बदनामी नाही, म्हणून अपप्रचार नाही. आपल्याच धोरणाची भलामण आहे. मी इथे सरळ 'प्रोपगंडा' ठेवीन, मराठी वाचकाला तो कळतो. विशेषण हवं असेल तर 'प्रचारकी' हा चांगला रुळलेला शब्द आहे. 'प्रचारकी निवेदन' म्हटलं की नाक आपोआप मुरडलं जातं. आणि सरकारची री ओढणाऱ्या वर्तमानपत्रांसाठी 'री ओढणे' आहेच.

'बंडखोर' मात्र काढाच. आजच्या मराठीत तो तिकीट न मिळालेला उमेदवार झाला आहे! 'फितूर'ही नको. फितूर शत्रूला जाऊन मिळतो. एल्सबर्ग यांनी १९६९ मध्ये ज्या सुमारे ७,००० पानांच्या गुप्त अहवालाच्या छायाप्रती काढल्या, तो त्यांनी आधी आपल्याच सिनेटरना दिला आणि तिथे हालचाल होईना तेव्हा वर्तमानपत्रांना. वाटाघाटींचे चार खंड त्यांनी वर्तमानपत्रांना दिले नाहीत, कारण त्यामुळे शांततेची बोलणी बिघडली असती. जून १९७१ मध्ये मजकूर छापला जाऊ लागला, सरकार कोर्टात गेलं आणि सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी छपाईला मोकळीक दिली. एल्सबर्ग यांच्यावर हेरगिरीच्या कायद्याखाली खटला भरला होता. सरकारचेच गैरप्रकार उघड झाल्यावर १९७३ मध्ये तो न्यायाधीशांनी रद्द केला.

त्यांना 'जागल्या' म्हणा. माहिती फोडणाऱ्या कर्मचाऱ्यासाठी हा शब्द मराठी वर्तमानपत्रं वापरतातच. जागल्या हा गावकीचा नोकर, रात्री पहारा करणारा. म्हणजे व्यवस्थेच्या आतला माणूस. एल्सबर्ग तसेच होते, पेंटॅगॉनमध्ये काम केलेले आणि तो अहवाल तयार करण्यात स्वतः हातभार लावलेले.

१९६४ च्या त्या ठरावाविरुद्ध मत देणारे ते दोन सिनेटर, वेन मॉर्स आणि अर्नेस्ट ग्रुएनिंग, यांना मात्र जागल्या म्हणू नये. ते चारचौघांत उभे राहून नाही म्हणाले. त्यांनी 'विरोधात मत दिलं' एवढं साधं लिहिलं तरी पुरतं. 'निषेध नोंदवला' टाळावं, आपल्याकडे त्याचा अर्थ निवेदन देऊन घरी गेले असाच होतो.