उंट घाईने देऊ नका

प्रश्न : बुद्धिबळात पांढऱ्याकडून मी ई४ (प्यादं ई पट्टीतल्या चौथ्या घरावर), डी३, घोडा डी२, जी३, उंट जी२ अशी शांत मांडणी करतो. समोरच्याने ई६-डी५ केलं की कॅसलिंगनंतर (राजा आणि हत्तीची एकत्र चाल) ई५, आणि मग एच४, एच५, एच६. तो जी६ करतो आणि मला पुढे काही सुचतच नाही. तोवर त्याची ए आणि बी पट्टीतली प्यादी माझ्या अंगावर आलेली असतात. सर, इतका हळू हल्ला चालतो तरी का? एक डाव सोबत जोडला आहे.

उत्तर : तुमचा डाव पटावर मांडून पाहिला. एच६-जी६पर्यंत हल्ल्याचं काही बिघडलेलं नाही. जी६ झाल्यावर एफ६ आणि जी७ ही काळी घरं पोकळ झाली, म्हणजे त्यांना राखायला प्यादं उरलं नाही. हवं होतं ते मिळालं. घोळ त्याआधीचा. बाराव्या चालीला तुम्ही काळ्या घरांवरचा उंट जी५वर नेलात आणि ई७च्या उंटाशी बदलून मोकळे झालात. त्याने वजिराने मारलं, तो वजीर ई७वरच बसून राहिला आणि एफ६ राखत राहिला. आता त्या पोकळीत शिरायचं कुणी? (हीच अदलाबदल मीही वर्षानुवर्षं केली आहे. जी५वरचा उंट दिसायला फार रुबाबदार दिसतो.)

१९६७ साली ट्युनिशियातल्या सूसच्या इंटरझोनलमध्ये (जागतिक विजेतेपदाच्या पात्रता स्पर्धेत) अमेरिकेचा बॉबी फिशर मंगोलियाच्या म्याग्मारसुरेनविरुद्ध हीच मांडणी खेळला. तो डाव मांडा आणि फक्त या एका उंटावर लक्ष ठेवा. बाराव्या चालीला तो एफ४वर येतो, ई५च्या प्याद्याला टेकू देतो. काळ्याचा घोडा डी५वर येऊन त्याला धरू पाहतो, तर फिशर एकोणिसाव्या चालीला निमूटपणे डी२वर मागे. काळाच मग आपला उंट जी५वरच्या घोड्यासाठी देऊन टाकतो. काळ्या घरांचा राखणदार गेला! तेविसाव्या चालीला फिशरचा उंट थेट एफ६वर जाऊन बसतो.

आणि एच प्यादं? अकराव्या चालीला एच४, मग एच५ सत्ताविसाव्याला. मधल्या पंधरा चाली ते जागचं हललं नाही. जी५वर येणाऱ्या मोहऱ्याला आधार देणं एवढंच तोवर त्याचं काम होतं.

वजिराच्या बाजूला काळ्याने बी५, बी४, ए५, ए४ असा सपाटा लावला. फिशरने तिथे आपणहून एकच चाल खर्च केली : ए३. तुम्ही चार केल्या आहेत.

मला सगळ्यात आवडते ती एकोणतिसावी चाल. एच३वरचा दुसरा, पांढऱ्या घरांवरचा उंट जी२वर परत जातो. हल्ला ऐन भरात, आणि हा माघार घेतो! दोन चालींनी वजीर एच७वर बळी जातो, राजा तो घेतो, एच प्यादं जी६वर मारताच दुहेरी शह (प्याद्याचा आणि एच४वरच्या हत्तीचा), राजाने ते प्यादं मारलं की उंट ई४वर आणि मात. त्या मातेसाठीच तो परतला होता.

हळू हल्ला चालतो तो मधला भाग बंद असतो म्हणून. ई५च्या प्याद्यामुळे काळ्याचा घोडा एफ६वर येऊ शकत नाही, एच७ उघडं राहतं. समोरच्याने एफ६ करून ई५च्या त्याच प्याद्याला आव्हान दिलं, तर एच पट्टी तात्पुरती विसरा. एफ६वर मारा आणि ई१वरच्या हत्तीने ई६च्या कच्च्या प्याद्याला धरा. तुमच्या डावात चौदाव्या चालीला ही संधी आली होती. तुम्ही एच५ खेळलात.